भिंत कुठे, भिंत केव्हा : धानाच्या पेशींची गोष्ट

मरोदा म्हटले की भिलाईकरांच्या डोळ्यांपुढे मैत्री बाग येते आणि पोलाद कारखान्याला पाणी पुरवणारे जलाशय येतात. दल्ली-राजहराच्या खाणींतले लोहखनिज याच बाजूने रेल्वेने कारखान्याकडे जाते. जलाशयांतले पाणी तांदुळा धरणाच्या कालव्यातून येते आणि त्याच कालव्याच्या पाण्यावर दुर्ग-बालोद भागात हजारो हेक्टर धान उभे राहते. १९५९ साली पहिली झोतभट्टी पेटली तेव्हापासून इथे पोलादाबद्दल घरोघरी बोलले जाते. धानाबद्दल मात्र पाऊस, खत आणि आधारभूत किंमत यांपलीकडे फारसे बोलणे होत नाही. धानाचे रोप स्वतःला कसे बांधत नेते, ही हकिकत पोलादाच्या हकिकतीइतकीच विलक्षण आहे. भंडारा-गोंदियाच्या बांध्यांपासून छत्तीसगडच्या मैदानापर्यंत पसरलेल्या या धानपट्ट्यात राहणाऱ्या प्रत्येकाला ती माहीत असायला हवी, असे मला मनापासून वाटते.

रोवणीनंतर महिनाभरात बांधी हिरवीगार होते. त्या वाढीच्या मुळाशी एकच क्रिया असते : एका पेशीच्या दोन पेशी होणे. प्राण्यांमध्येही पेशी विभागतात, पण वनस्पतींना त्यासोबत आणखी एक काम करावे लागते. प्रत्येक विभाजनात दोन नव्या पेशींच्या मध्ये एक पक्की भिंत उभी करावी लागते. ती योग्य जागी आणि योग्य वेळी उभी राहावी लागते. धानाच्या रोपाची उंची, पानाची रुंदी, काडाचा ताठपणा, दाण्याचा लांबट किंवा गोलसर आकार, यांतल्या बऱ्याच गोष्टी या दोन प्रश्नांच्या उत्तरांत दडलेल्या आहेत. भिंत कुठे? आणि भिंत केव्हा?

जागेवरून न हलणाऱ्या पेशी

रॉबर्ट हूकने १६६५ साली सूक्ष्मदर्शकाखाली बुचाचा पातळ काप ठेवला तेव्हा त्याला जे दिसले, त्या रिकाम्या राहिलेल्या पेशीभित्तिका होत्या. पेशी मेल्या होत्या, भिंती टिकल्या होत्या. वनस्पतीच्या शरीरात भित्तिकेला किती महत्त्व आहे, ते त्या पहिल्याच निरीक्षणात दिसून गेले.

जिवंत पेशीत ही भित्तिका मोठा भार पेलत असते. पेशीच्या आत पाण्याचा दाब असतो आणि तो साधारणपणे वातावरणाच्या दाबाच्या ३ ते १० पट असू शकतो. आतला हा दाब आणि त्याला रोखून धरणारी भित्तिका यांच्या जोरावरच कोवळे पान ताठ उभे राहते. पाणी कमी पडले की दाब उतरतो आणि रोप माना टाकते.

प्राण्यांच्या पेशीला अशी भित्तिका नसते. विभाजनाच्या शेवटी तिच्या मध्यभागी बाहेरून खाच पडते, ती आत आत जाते आणि पेशी दोन भागांत तुटते. नव्या पेशी सरकू शकतात, जागा बदलू शकतात. गर्भाच्या वाढीत पेशी असे लांबचे प्रवासही करतात. धानाच्या पेशीला यातले काहीच शक्य नसते. ती शेजारच्या पेशींना भित्तिकांनी जोडलेली असते आणि जिथे जन्मली तिथेच तिचे आयुष्य जाते. एकदा आडवी पडलेली भिंत नंतर उभी करता येत नाही. आडव्या भिंती पडत गेल्या तर पेशींची रांग लांबीत वाढते, उभ्या पडत गेल्या तर रुंदीत. म्हणून भिंतीची दिशा ठरवणे हे वनस्पतीसाठी देहाचा आकार ठरवण्याइतके मोठे काम आहे.

आधी आखणी

भिंत कुठे पडते याचा काही नियम असावा, हे एकोणिसाव्या शतकातच वनस्पतिशास्त्रज्ञांच्या लक्षात आले होते. बेल्जियमच्या लिओ एरेराने १८८० च्या दशकात असे मांडले की, पेशी विभागताना शक्य तितकी कमी क्षेत्रफळाची भिंत निवडते. कितीतरी पेशींच्या बाबतीत हा नियम आजही बऱ्यापैकी लागू पडतो. पण पेशीला ती जागा सापडते कशी, हे तेव्हाच्या सूक्ष्मदर्शकांतून कळण्यासारखे नव्हते.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आल्यावर चित्र बदलले. १९६३ साली लेडबेटर आणि पोर्टर यांनी वनस्पतीच्या पेशीत भित्तिकेलगत पसरलेल्या सूक्ष्मनलिका दाखवल्या. या प्रथिनांच्या पोकळ नळ्या असतात आणि त्यांची जाडी जेमतेम २५ नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या ४० हजाराव्या भागाइतकी असते. तीन वर्षांनी, १९६६ साली, केंब्रिजमध्ये पिकेट-हीप्स आणि नॉर्थकोट गव्हाच्या रोपांतील पेशी तपासत होते. विभाजनाच्या तयारीत असलेल्या पेशींत त्यांना सूक्ष्मनलिकांचा एक दाट पट्टा दिसला. पेशीच्या आतल्या बाजूने, भित्तिकेला लागून, तो गोल फिरलेला होता. गुणसूत्रे अजून वेगळीही झालेली नव्हती. पुढे विभाजन झाल्यावर नवी भिंत बाहेरच्या भित्तिकेला नेमकी त्याच रेषेवर येऊन मिळते, असे दिसून आले. विभाजनाच्या पूर्वावस्थेआधी तयार होणारा म्हणून त्याला प्रीप्रोफेज पट्टा असे नाव मिळाले.

या पट्ट्याची सर्वांत चक्रावून टाकणारी गोष्ट अशी की, भिंत बांधायला घेण्याच्या कितीतरी आधी तो नाहीसा होतो. गुणसूत्रे पेशीच्या मध्यावर येऊन उभी राहतात तोवर त्याच्या सूक्ष्मनलिका विरघळून गेलेल्या असतात. तरीही नवी भिंत चुकत नाही. घर बांधताना जमिनीवर चुन्याची फक्की मारतात, पाया खणताना ती पुसली जाते, पण तोवर खुंट्या ठोकलेल्या असतात. पेशीतही अशा खुंट्या आहेत. टँगल्ड आणि पीओके नावाची प्रथिने पट्टा असताना त्या जागी येऊन बसतात आणि पट्टा गेल्यावरही तिथेच राहतात. वाढत येणारी भिंत त्या खुणेकडे ओढली जाते.

टँगल्डचा शोध मक्यात लागला. १९९६ साली लॉरी स्मिथ आणि सहकाऱ्यांनी मक्याचा असा वाण अभ्यासला की ज्याच्या पानात भिंती वाकड्यातिकड्या पडत होत्या. पेशींच्या सरळ रांगा विस्कटल्या होत्या. तरीसुद्धा पानाचा एकूण आकार ओळखू येण्याइतका नीट राहिला होता. २०१७ साली फ्रान्समधील शास्त्रज्ञांनी अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या लाडक्या रोपात हा पट्टाच तयार होणार नाही अशी व्यवस्था केली. त्या रोपांतही बहुतेक भिंती साधारण योग्य दिशेने पडल्या, मात्र चुकीचे प्रमाण वाढले. या दोन प्रयोगांनी मोठा धडा दिला. पेशीला दिशेचा अंदाज आणखीही मार्गांनी लागतो, तिचा आकार आणि शेजारच्या पेशींचा ताण तिला काही सांगत असतो. पट्टा त्या अंदाजाला काटेकोरपणा देतो. रोपाचा देह अनेक पातळ्यांवर सांभाळला जातो, एका यंत्रणेच्या भरवशावर नाही.

मग बांधकाम

जागा ठरली, आता वेळ. गुणसूत्रांची वाटणी पूर्ण होण्याआधी भिंत आली तर गुणसूत्रे तिच्यात अडकतील आणि एका पेशीला कमी, दुसरीला जास्त मिळतील. भिंत आलीच नाही तर एकाच पेशीत दोन केंद्रके राहतील. दोन्ही प्रकार प्रयोगशाळेत घडवून आणता येतात. कांद्याच्या मुळाला कॅफिन दिले की भिंतीचे काम अर्ध्यावर थांबते आणि दोन केंद्रकांच्या पेशी दिसू लागतात. आपल्या जंगलांत उगवणाऱ्या विषारी कळलावीत कोल्चिसीन असते. ते सूक्ष्मनलिका तयारच होऊ देत नाही, त्यामुळे गुणसूत्रांची वाटणी थांबते आणि त्यांची संख्या दुप्पट होऊन बसते. १९३७ पासून नवी वाणे घडवण्यासाठी कोल्चिसीनचा हा गुण वापरला जात आहे.

निरोगी पेशीत मात्र क्रम चुकत नाही. गुणसूत्रांचे दोन गट विरुद्ध टोकांकडे निघाले की त्यांच्या मधल्या जागेत सूक्ष्मनलिकांचा एक नवा जुडगा तयार होतो. त्याला फ्रॅग्मोप्लास्ट म्हणतात. गॉल्जी पिंडातून निघालेल्या लहान लहान पुटिका या नलिकांवरून मध्यरेषेकडे येतात. त्यांच्यात पेक्टिनसारखी भित्तिकेची द्रव्ये भरलेली असतात. मध्यावर पुटिका एकमेकींत मिसळतात आणि पेशीच्या बरोबर मधोमध एक चपटी पट्टी तयार होते. शाळेच्या पुस्तकात तिला पेशीपटल म्हटलेले असते.

पुटिका एकमेकींत मिसळायला नोल नावाचे प्रथिन लागते. १९९६ साली जर्मनीत ट्यूबिंगन इथे ते सापडले. ज्या अरॅबिडॉप्सिसमध्ये ते नव्हते, त्याच्या भ्रूणात भिंती अर्धवट राहिल्या आणि एकेका पेशीत अनेक केंद्रके जमा झाली. नोल प्रथिन पेशीत सदासर्वकाळ नसते. विभाजनाची वेळ आली की त्याचे जनुक जागे होते आणि काम संपल्यावर ते प्रथिन मोडून टाकले जाते. केवळ एका कामासाठी ठेवलेले हे प्रथिन पेशी त्या कामाच्या वेळेपुरतेच तयार करते.

काम सुरू करण्याची नेमकी घडी कशी ठरते, याचे सुंदर उत्तर जपानमधील नागोया विद्यापीठात यासुनोरी माचिदा यांच्या गटाने तंबाखूच्या पेशींवर काम करून दिले. पेशीचक्र पुढे नेणारी सीडीके नावाची विकरे असतात. गुणसूत्रे मध्यावर उभी असतात तेव्हा ती जोरात काम करत असतात. भिंत पुढे नेणाऱ्या यंत्रणेत दोन प्रथिनांनी एकत्र यावे लागते, आणि सीडीके त्या दोघांवर फॉस्फेटचे टिकले लावून त्यांना दूर ठेवतात. गुणसूत्रे वेगळी होऊन निघाली की सीडीकेचा जोर ओसरतो, टिकले निघतात, दोन्ही प्रथिने जुळतात. त्यातून सुरू झालेली संदेशांची साखळी सूक्ष्मनलिकांना बांधणारे बंध सैल करते. मधल्या नलिका विरघळतात, कडेला नव्या येतात, आणि फ्रॅग्मोप्लास्ट बाहेरच्या दिशेने सरकू लागतो. त्याच्यामागोमाग पेशीपटल वाढते. गुणसूत्रे वाटली जाण्याआधी भिंतीला पुढे जाऊ न देणारा हा अडसर, आणि तो आपोआप काढणारी घटना म्हणजे गुणसूत्रांची वाटणी. विभाजन आणि भिंत यांचा मेळ इथे बसतो. मला तरी पेशीविज्ञानातला याहून नेटका करार माहीत नाही.

प्राण्याच्या पेशीत खाच बाहेरून आत जाते, वनस्पतीत भिंत आतून बाहेर येते. आतला दाब लक्षात घेतला तर या दिशेचे महत्त्व कळते. जुनी भित्तिका शेवटपर्यंत अखंड राहते आणि दाब धरून ठेवते. नवी भिंत खुणेच्या रेषेवर तिला चिकटते तेव्हाच काम पूर्ण होते.

सुरुवातीची भिंत मऊ असते. तिच्यात कॅलोज नावाची शर्करासाखळी भरलेली असते. पटल पसरवून सपाट करायला ती उपयोगी पडते, पण कायमचा भार तिला पेलत नाही. हळूहळू कॅलोज कमी होते आणि सेल्युलोज येते. सेल्युलोजचे धागे पेशीपटलावर बसलेली विकरसंकुले विणतात. धानात पुढे काडाच्या जाड भित्तिकांसाठी वेगळी सेल्युलोज-जनुके काम करतात. ती बिघडली की काड ठिसूळ होते आणि वाकवल्याबरोबर कडकन मोडते. अशी ठिसूळ काडाची धानाची रोपे संशोधकांनी अभ्यासली आहेत.

भिंत उभी राहते, पण दोन्ही पेशींमधला संबंध तुटत नाही. पटल बनत असताना आंतर्द्रव्यजालिकेचे बारीक धागे त्यात ठिकठिकाणी अडकून राहतात. त्या जागी छिद्रे उरतात. या छिद्रांतून पाणी, शर्करा आणि कितीतरी संदेश एका पेशीतून दुसरीत जातात. भिंत बांधतानाच तिच्यात वाट ठेवलेली असते.

दाण्यात क्रम उलटा

आतापर्यंत सांगितले ते मूळ, पान, काड यांचे. तिथे प्रत्येक केंद्रकविभाजनापाठोपाठ भिंत येते. लोंबी निसवते, फुलोरा येतो, आणि दाण्याच्या आत हाच क्रम मोडला जातो.

सर्गेई नवाशिन यांनी १८९८ साली लिलीच्या कुळातल्या फुलांत द्विफलन दाखवले. परागनलिकेतून दोन पुंयुग्मके येतात. एक अंडपेशीशी मिळून भ्रूण घडवते. दुसरे मधल्या पेशीतील दोन केंद्रकांशी मिळते आणि त्यातून भ्रूणपोष तयार होतो. आपण जो भात खातो तो मुख्यतः हा भ्रूणपोष. धानात फलनानंतर भ्रूणपोषाचे केंद्रक भराभर विभागू लागते. एकाची दोन, दोनाची चार, चाराची आठ, पण मध्ये एकही भिंत येत नाही. दोन-तीन दिवसांत एका मोठ्या पेशीत पुष्कळ केंद्रके होतात. मधोमध मोठी रसधानी असते आणि केंद्रके तिच्याभोवती कडेला पसरलेली असतात. या टप्प्यात प्रीप्रोफेज पट्टा दिसत नाही.

मग साधारण तिसऱ्या दिवसापासून भिंती येऊ लागतात. प्रत्येक केंद्रकातून सूक्ष्मनलिका सर्व दिशांना पसरतात आणि आपल्याभोवतीचा पेशीद्रव्याचा हिस्सा आखून घेतात. दोन हिस्से जिथे भेटतात तिथे भिंत धरते, मग ती केंद्रके एकाच विभाजनातली असोत वा नसोत. रॉय ब्राऊन, बेटी लेमन आणि ऑड-आर्ने ओल्सेन यांनी १९९६ साली धानातील हा प्रवास टप्प्याटप्प्याने मांडला. भिंती आधी कडेकडून आत येतात, मग आडव्या भिंती पडतात, आणि थरामागून थर बनत दाण्याची पोकळी पेशींनी भरून निघते. सर्वांत बाहेरचा थर पुढे अल्यूरोन होतो. तांदूळ पॉलिश केला की तो कोंड्यात जातो. आतल्या पेशींत स्टार्च साठू लागते. दाणा दुधात आला म्हणून शेतकरी तो चिमटून पाहतो, तेव्हा भिंतींचे हे मुख्य काम होऊन गेलेले असते.

नारळात हाच प्रकार मोठ्या प्रमाणावर दिसतो. शहाळ्याचे पाणी हा भ्रूणपोषाचा भिंती न पडलेला भाग आहे, आणि मलई हा कडेने भिंती पडत गेलेला भाग.

विभाजन आधी आणि भिंती नंतर, या क्रमाचा लाभ असा की अगदी थोड्या दिवसांत पुष्कळ केंद्रके तयार होतात. त्यातच जोखीमही आहे. भिंती लवकर आल्या तर केंद्रके कमी पडतात आणि दाणा बारीक राहतो. त्या आल्याच नाहीत तर दाणा पोचट होतो. फलनानंतरच्या या पहिल्या दिवसांत कडक उष्णता आली तर भिंती येण्याची वेळ बिघडते, हे धानावरील प्रयोगांत दिसले आहे. खरिपाचे धान पाऊस सरताना फुलोऱ्यावर येते. सिंचनावर घेतलेल्या उन्हाळी धानाचा फुलोरा मात्र तापत्या दिवसांत सापडू शकतो. छत्तीसगडच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या पुढे जातो, तेव्हा दाण्याच्या आतले हे दोन-तीन दिवस किती नाजूक असतात, ते लक्षात ठेवायला हवे.

दाण्याचा आकार आणि भिंतीची दिशा

दाणा किती लांब, किती रुंद, हे मोठ्या प्रमाणात फुलोऱ्याआधीच ठरलेले असते. दाण्याभोवतीचे टरफल आधी तयार होते आणि आतला दाणा त्याच्या मर्यादेतच भरतो. टरफलाचा आकार त्याच्या पेशी किती आणि कोणत्या दिशेने विभागल्या यावर अवलंबून असतो.

२०१५ साली दोन संशोधक गटांनी धानातील एकाच जनुकाबद्दल लिहिले. एकाने त्याला जीडब्ल्यू ७ म्हटले, दुसऱ्याने जीएल ७. हे जनुक जास्त चालले की दाणा लांब आणि सडपातळ होतो. पहिल्या गटाच्या निरीक्षणात टरफलातील विभाजने लांबीच्या दिशेने वाढली होती आणि रुंदीच्या दिशेने कमी झाली होती. दुसऱ्याने पेशी स्वतःच लांबल्याचे नोंदवले. या जनुकाचे प्रथिन टीआरएम नावाच्या कुटुंबातले आहे. प्रीप्रोफेज पट्ट्याच्या उभारणीतही याच कुटुंबातली प्रथिने लागतात. गव्हाच्या पेशीत १९६६ साली दिसलेला तो पट्टा आणि बासमतीचा सडपातळ दाणा यांच्यामध्ये असा धागा आहे.

आपल्या भागात हा विषय दूरचा नाही. सरगुजाचा जीराफूल तांदूळ आपल्या इवल्याशा दाण्यामुळे ओळखला जातो. नगरीचा दुबराज सुगंधासाठी नावाजलेला आहे. डॉ. आर. एच. रिछारिया यांनी रायपूरला राहून या प्रदेशातील हजारो देशी धान गोळा केले आणि तो साठा आज तिथल्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठात जपला जातो. त्या साठ्यातले बुटके, उंच, गोल, लांब, बारीक, जाड असे सगळे दाणे म्हणजे पेशींच्या भिंती किती वेगवेगळ्या तऱ्हांनी पडू शकतात याची जिवंत नोंद आहे.

यातले काही स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे असेल तर कांदा घ्यावा. धानात २४ गुणसूत्रे असतात आणि ती फार लहान असतात. कांद्यात १६ असतात, पण मोठी. म्हणूनच शाळेतही कांद्याच्या मुळाचे टोक घेतात. अ‍ॅसिटोकार्मिनने रंगवलेल्या त्या टोकात गुणसूत्रांचे दोन गट वेगळे झालेली एखादी पेशी शोधावी. दोन्ही गटांच्या मधोमध एक फिकट रेघ दिसली तर ते पेशीपटल.

हजारो वर्षे शेतकऱ्यांनी धानाची निवड केली. कुणी लांब दाणा ठेवला, कुणी बारीक, कुणी लोळत नाही असे काड. त्या प्रत्येक निवडीतून पेशींच्या भिंतींची जागा, दिशा आणि वेळ यांचीही निवड होत गेली. पुढच्या उन्हाळ्यांत तग धरणारे धान हवे असेल तर हीच निवड आता समजून-उमजून करावी लागेल. फुलोऱ्यानंतरच्या उष्ण दिवसांतही दाण्यात वेळेवर भिंती बांधणारी वाणे आपल्याच देशी धानांत शोधावी लागतील. त्यासाठी रायपूरचा साठा जपणे आणि या परिसरातल्या मुलांनी पोलादाइतक्याच आपुलकीने धानाची पेशी समजून घेणे, ही दोन्ही कामे सारखीच तातडीची आहेत.